धुराचा वाटा

“हिचा वास किती लांब जातो?” फव्वाजने विचारलं.

मुहन्नद नावाचा तो तरुण विक्रेता गॅसच्या शेगडीचं झाकण उघडून आतल्या जाळ्या दाखवत होता. त्याचा हात झाकणावर तसाच राहिला. गिऱ्हाइकं काय काय विचारतात ते त्याला पाठ होतं. सिलिंडर किती पुरतो, गंज चढतो का, पलीकडच्या दुकानात स्वस्त का आहे. वासाची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

“वासाची काळजीच सोडा,” तो म्हणाला. “चरबी गळून या तिरक्या पट्ट्यांवर पडते, तिथं तिचा धूर होतो आणि तोच परत मांसाला लागतो. शेजाऱ्यांना वाटेल तुम्ही कोळसाच पेटवलाय. दार वाजवत येतील!”

“येतील ना?”

“धावत येतील!”

“मग ही नको.”

मुहन्नदने दुसरी दाखवली. तिच्यात लाकडाच्या ढलप्या ठेवायला एक डबी होती. ढलप्या टाकल्या की गल्लीच्या टोकापर्यंत घमघमाट, असं तो म्हणाला. फव्वाजने साप बघावा तशी ती डबी बघितली.

“उस्ताद, एक विचारू? तुम्हाला कबाब खायचेत ना?”

“खायचेत.”

“आणि वास नकोय.”

“मला हवाय. बाकीच्यांना नकोय.”

“आत्ता घरी काय आहे?”

“कोळशाची शेगडी. वडिलांच्या वेळची.”

“ती बिघडलीय?”

“नाही. फार चांगली आहे. तोच घोळ आहे.”

मुहन्नदने मदतीसाठी शेजारच्या बाईकडे पाहिलं. इन्तिसार जरा अंतर राखून टेबलपंख्यांच्या किमती वाचत होती.

“बाई, हे तुमचे...?”

“मी नाही ओळखत,” इन्तिसार म्हणाली. “बसमध्ये शेजारी बसले होते, तेव्हापासून मागं लागलेत.”

ती त्याची बायको होती आणि दोन मुलींची आई. मुहन्नदला हे लगेच कळलं, कारण अनोळखी माणसाकडे कुणी इतक्या तिरस्काराने बघत नाही.

शेवटी त्याने कोपऱ्यातून एक धूळ खात पडलेली शेगडी ओढून काढली. हिच्यात पट्ट्या नव्हत्या, डबी नव्हती. चरबी सरळ खालच्या ट्रेमध्ये पडायची आणि तिथं निमूट गार व्हायची. “खरं सांगू?” त्याने आवाज खाली आणला. “हिच्यावर मांसाला काही म्हणजे काही चव येत नाही. आम्ही ही परत पाठवणार होतो.”

“हीच द्या,” फव्वाज म्हणाला.

मुहन्नदने हार मानली. पण धंद्याची सवय जाईना. बिल करता करता त्याने शेगडीच्या बाजूची एक घडीची फळी उघडून दाखवली. “ही बघा सोय. लिंबू-बिंबू ठेवायला.”

फव्वाजने त्या फळीकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

*

झर्का शहराच्या त्या वस्तीत एक रीत होती. ती कुठंच लिहिलेली नव्हती, त्यामुळे मोडता येत नव्हती. तुमच्या घरच्या मांसाचा धूर ज्याच्या खिडकीत शिरला, त्याच्या घरी ताटली जायची. त्याने मागितली नसली तरी, आणि तुमचं त्याच्याशी बोलणं बंद असलं तरीही. नाकाला वास लावायचा आणि तोंडाला काही द्यायचं नाही, हा छळ समजला जायचा.

फव्वाजच्या आईने ही रीत आयुष्यभर पाळली. शुक्रवारी दुपारी नवरा अंगणात निखाऱ्यांना वारा घालायला बसला, की ती मान वर करून उभी राहायची. धूर कुणाच्या खिडकीत गेला, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीला लागला, हे बघून ती ताटल्या मांडायची. आधी ताटल्या जायच्या, मग घरचे जेवायचे. तेव्हा इमारत दुमजली होती. पुढे मालकाचे मुलगे मोठे झाले, एकेकाचं लग्न झालं, आणि प्रत्येक लग्नागणिक वर एक मजला चढत गेला. धूर मात्र पूर्वीसारखाच वर जात राहिला. तळमजल्यावरच्या माणसाचा पगार जागेवरच आहे, हे त्याला कुणी कळवलं नाही.

आई-वडील गेल्यावर शेगडीही फव्वाजकडे आली आणि रीतही आली.

फव्वाज हवामान केंद्रात कारकून होता. वारा कुठून येतो, किती जोराने येतो, हे बघून वर कळवायचं. आयुष्यात त्याला एवढी एकच गोष्ट नीट कळत होती, आणि तिचा त्याने गैरवापर सुरू केला. पश्चिमेचा वारा असला की अंगणातला धूर पडवळासारखा लांब होऊन रस्त्यापलीकडच्या कबरस्तानात जायचा. कबरस्तान हा फव्वाजच्या मते आदर्श शेजारी होता. शांत, वर मजले न चढवणारा, आणि ताटली न मागणारा. त्याची आईही तिथंच होती. ती असती तर ताटली घेऊन तिकडेही निघाली असती, हा विचार तो दर वेळी चटकन बाजूला सारायचा.

पण शुक्रवारी दुपारी नेमका वारा पडायचा. एकदा तो पश्चिमेच्या वाऱ्याची वाट बघत इतका वेळ बसला की मुलींनी सगळ्या रोट्या कोरड्याच खाऊन टाकल्या. शेवटी वारा सुटला, त्याने घाईघाईने कबाबच्या सगळ्या सळया चढवल्या, आणि वारा फिरला. धूर प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत वर गेला. ताटल्या वाटून झाल्यावर घरच्यांच्या वाट्याला भाजलेले टोमॅटो आले.

“छान आहेत,” इन्तिसार म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी वांगी भाज. शेजारी सुखी, आपण सुखी, बकरा सुखी.”

त्याच आठवड्यात तो शेगडी बघायला गेला.

सगळ्या ताटल्या जड नव्हत्या, हे त्याला मनातून माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरचा अबू झुहैर शाळेची बस चालवायचा आणि ताटली घेताना “एवढंच?” असं विचारायचा. ती ताटली जड होती. पण पहिली ताटली कायम उम्म शुकरीची असायची, आणि तिचा भार त्याला कधीच वाटला नव्हता. गोम अशी, की धूर एक ताटली सोडून दुसरी निवडू देत नाही.

उम्म शुकरी त्याच्या डोक्यावरच राहायची, पहिल्या मजल्यावर, एकटी. तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तिचा शुकरी कॅनडात होता आणि ईदला फोन करायचा. तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. फव्वाज टोपलीत ताटली ठेवायचा, ती ओढून घ्यायची. आणि पुढच्या शुक्रवारी ताटली खाली यायची ती कधीच रिकामी नसायची. ऑलिव्हच्या तेलाच्या मोठ्या डब्यात तिने लिंबाचं झाड लावलं होतं. त्याचं एक लिंबू ताटलीत असायचं. कधी पिवळं, कधी हिरवं, पण असायचं.

*

शेगडी घरी आणणं हाच एक पराक्रम होता. टेम्पोतून खोका उतरवताना नेमका अबू झुहैर मदतीला धावला.

“अबू जूद, काय आहे रे हे एवढं वजनदार?” थोरल्या मुलीच्या नावावरून शेजारी फव्वाजला अबू जूद म्हणायचे आणि इन्तिसारला उम्म जूद.

“शिलाई मशीन,” फव्वाजच्या तोंडातून निघून गेलं. “इन्तिसारसाठी.”

अबू झुहैरने खोका जिन्याशी टेकवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. “वहिनी शिवणकाम करणार?”

“करेल आता.”

“हं,” अबू झुहैर म्हणाला. जाता जाता त्याने फव्वाजच्या पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

“मला बटण लावता येत नाही,” दार लागल्यावर इन्तिसार म्हणाली.

“कोण बघायला येतंय?”

पहिल्या शुक्रवारी त्यांनी शेगडी स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात मांडली. तिथं समोर बंद पडलेल्या सुतारखान्याची आंधळी भिंत होती. पुढच्या खिडक्या लावून घेतल्या. इन्तिसारने लसूण कमी घातला. फव्वाजने मुख्य दाराखालच्या फटीत ओला टॉवेल खुपसला. मग बटण फिरवलं. निळ्या ज्योती ओळीने पेटल्या आणि सरकारी कचेरीतल्या माणसांसारख्या आपापल्या जागी बसून राहिल्या. वारा घालायचं काम नव्हतं. राख नव्हती. धूर इतका कमी की तो असल्याची त्यालाच लाज वाटत असावी.

“बाबा, आपण लपून का जेवतोय?” मोठ्या जूदने विचारलं.

“लपून नाही. आत जेवतोय.”

“मग हळू का बोलतोय?”

मांस शिजलं होतं. त्याबद्दल त्याहून जास्त काही बोलण्यासारखं नव्हतं. दवाखान्यातून आणल्यासारखं लागत होतं. तरी पोटभर होतं, आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. फव्वाज तिसऱ्यांदा घेणार एवढ्यात अंगणात खट् असा आवाज झाला.

टोपली खाली आली होती.

तो अंगणाचं दार उघडून बाहेर गेला. टोपलीत मागच्या आठवड्याची ताटली होती आणि तिच्यात एक लिंबू. वर उम्म शुकरी कठड्याला रेलून बघत होती.

“आज नाही का रे पेटवली, बाळा?”

“नाही, खाला.” त्याच्या तोंडाला चरबीचा वास येत होता, म्हणून त्याने मान जरा खाली घातली. “आज... जमलं नाही.”

“असू दे, असू दे,” ती म्हणाली. “तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?”

“बरी आहे.”

त्याने ताटली काढून घेतली. टोपलीत ठेवायला हातात काही नव्हतं. रिकामी टोपली वर जाताना गोल गोल फिरत होती. भरलेली असताना ती कधी अशी फिरत नसे. फव्वाज आत आला आणि त्याने तिसऱ्यांदा घेतलं नाही. लिंबू त्याने शेगडीच्या फळीवर ठेवलं. मग तिथं ते बघवेना, म्हणून कपाटात टाकलं.

*

तीन-चार शुक्रवार असेच गेले आणि मग दार वाजायला लागलं.

आधी अबू झुहैरची बायको आली. हातात भरलेल्या द्राक्षपानांचं पातेलं. “जास्त झाली होती,” म्हणाली. मग चौथ्या मजल्यावरून मसुराचं वरण आलं. मग मालकाच्या धाकट्या सुनेने तांदळाची एक पिशवी दाराशी ठेवली, बेल वाजवली आणि चोरासारखी जिना चढून पळून गेली.

“हे काय चाललंय?” इन्तिसार म्हणाली. “कुणाच्या घरी लग्न आहे का?”

उत्तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे चालत आलं. अबू झुहैरची बायको नवऱ्याच्या चार विजारी घेऊन आली. “खालून आखूड करायच्यात,” ती म्हणाली. “घाई नाही. पैसे मात्र घ्यायचेच, उम्म जूद. मी ऐकणार नाही.” आणि मग तिचा हात धरून म्हणाली, “यात लाजायचं काही नाही गं. नोकरीचं काय, आज जाते, उद्या दुसरी मिळते. तुझ्या हातात कला आहे.”

दार लावून इन्तिसार विजारी पोटाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मग खुर्चीत बसून हसायला लागली. फव्वाज केंद्रातून आला तेव्हाही तिचं हसू थांबलं नव्हतं, पण त्यातली मजा संपलेली होती.

“अभिनंदन. तुझी नोकरी गेली,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझी नोकरी गेलीय आणि मी शिवणकाम करून घर चालवतेय. अख्ख्या इमारतीला माहीत आहे. आपल्यालाच उशिरा कळलं.”

“असं कोण म्हणालं?”

“वरची म्हणाली. उम्म शुकरी. शुक्रवारमागून शुक्रवार गेले, खालून धूर नाही. अबू जूदच्या घरी धूर नाही म्हणजे मांस नाही, मांस नाही म्हणजे पगार नाही. जिन्यात बसून प्रत्येकाला सांगितलं म्हणे तिने, की त्यांना कळू न देता काहीतरी पाठवा. आणि मग अबू झुहैर म्हणाला, अरे हो, मशीन मीच तर उचललं होतं.”

फव्वाज बसला. मग उठला. मग परत बसला.

“सांगून टाकू या,” तो म्हणाला.

“काय सांगणार? की नोकरी आहे, मांसही आहे, फक्त तुम्हाला द्यायचं नव्हतं?”

त्यांनी वरण खाल्लं. छान होतं. त्यामुळे जास्त अवघड गेलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. इन्तिसार विजारी पिशवीत लपवून बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शिंप्याकडे नेऊ लागली. त्याने त्या इतक्या सुरेख आखूड केल्या, की तिचं नाव झालं आणि आणखी विजारी आल्या. फव्वाजला सकाळी कामावर जायची चोरी झाली. तो इस्त्रीचा शर्ट घालून जिना ओलांडू लागला की बायका एकमेकींकडे बघायच्या: बिचारा, रोज निघतो बाहेर, मुलींना कळू नये म्हणून. मशिदीत शेजारच्या माणसाने त्याला प्रार्थनेनंतर बाजूला घेऊन विचारलं, गोदामात रात्रपाळीचं काम आहे, करशील का? फव्वाजने विचार करून सांगतो म्हटलं. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्या क्षणी नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं.

केंद्राच्या छपरावर वारा मोजायच्या यंत्राच्या वाट्या फिरत होत्या. तो त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. पश्चिमेचा वारा, मध्यम. कबरस्तानाच्या दिशेने. आता तिकडे पाठवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

*

त्या शुक्रवारी ते मागच्या बोळात शेगडी पेटवून बसले होते. खरं तर कुणाला भूक नव्हती. पण मांस आणलेलं होतं आणि मांस फेकायचं पाप वर नको होतं. पुढच्या खिडक्या हल्ली लावायचं कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. अर्ध्या सळया झाल्या असतील, तोच घरात धूर भरायला लागला.

“जळलं!” इन्तिसार ओरडली. “बंद कर, बंद कर!”

फव्वाजने बटण बंद केलं. धूर वाढला. त्याने सिलिंडर बंद केला. धूर आणखी वाढला. डोळ्यांतून पाणी काढणारा, ओल्या लाकडाचा, कडवट धूर. तो मागच्या बोळातून येत नव्हता. अंगणाच्या बाजूच्या खिडकीतून येत होता. वरून.

धूर वरून खाली येत नाही. फव्वाजला दुसरं काही नसलं तरी एवढं नक्की माहीत होतं. तो खिडकीशी गेला आणि त्याने मान वर केली.

उम्म शुकरी कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर झुकली होती. तिच्यापाशी एका पसरट पातेल्यात काहीतरी धुमसत होतं आणि दोन्ही हातांत खोक्याचा एक मोठा पुठ्ठा होता. तो पुठ्ठा ती सगळा जीव एकवटून वरून खाली, वरून खाली मारत होती. धूर वर पळायला बघत होता आणि ती त्याला हाकलून हाकलून फव्वाजच्या खिडकीत घालत होती. तिची ओढणी खांद्यावर आली होती. ती खोकत होती.

“खाला!” तो ओरडला. “पडाल!”

“आला का?” तिने वरून विचारलं. “आला का रे आत?”

“काय?”

“धूर!”

“आला, खाला! सगळीकडे आला!”

“चला, झालं,” ती म्हणाली. पुठ्ठा खाली ठेवून तिने कपाळ पुसलं.

मग टोपली खाली आली. तिच्यात तिच्या घरची निळ्या काठाची ताटली होती आणि ताटलीत मांसाचे चार लहान तुकडे. एका बाजूने करपलेले, दुसऱ्या बाजूने कच्चे. शेजारी अर्धा कांदा.

“माझा धूर तुमच्या घरात गेला,” उम्म शुकरी वरून म्हणाली. जिन्यात कुणी ऐकू नये म्हणून आवाज खाली ठेवून, पण त्याला ऐकू जावं इतपत. “तेव्हा हा तुमचा हक्काचा वाटा आहे. खैरात नाही. नाही म्हणू नकोस, बाळा. तुझ्या आईची रीत आहे.”

फव्वाजने ताटली घेतली. टोपली परत वर गेली. त्याने ताटली आत नेऊन टेबलावर ठेवली. शेजारी त्याच्या स्वतःच्या सळया होत्या, एकसारख्या भाजलेल्या, रसाळ, भरपूर. मुली बघत होत्या. इन्तिसार तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळली होती.

“खा,” ती न वळता म्हणाली. “एक तुकडा तरी खा. तिला कळेल.”

त्याने खाल्ला. कच्ची बाजू आधी आली, मग कडवट बाजू. गिळायला वेळ लागला.

*

ताटली रिकामी परत द्यायची नसते. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने तिच्यावर गॅसवरचे कबाब मांडले आणि जिना चढला. सांगायचं असं ठरवून चढला. पहिल्या मजल्याला फार पायऱ्या नसतात, त्याचं त्याला वाईट वाटलं.

उम्म शुकरीने दार उघडलं. ताटलीकडे बघून तिचा चेहरा उजळला. “अल्हम्दुलिल्लाह! मिळाली नोकरी?”

“बसा, खाला.”

ती बसली. शिष्टाचार म्हणून तिने आधी एक तुकडा तोंडात टाकला आणि हळूहळू चावत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी आली. तिने दुसरा घेतला, तो नाकाशी नेला.

“याला धूर नाही लागलेला,” ती म्हणाली.

“नाही. गॅसची शेगडी आहे, खाला. नवी.” तो जमिनीशी बोलत होता. “माझी नोकरी गेली नव्हती. आम्ही रोज... दर शुक्रवारी खात होतो. मागच्या बोळात. गॅसवर वास येत नाही, म्हणून घेतली. म्हणजे... वर कुणाला कळू नये म्हणून.”

उम्म शुकरीने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला. ती रागावेल, असं त्याला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“वास येत नाही?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग वरच्याला कळायचं कसं, खालची माणसं बरी आहेत की नाही ते?”

ती आपल्या हातांकडे बघत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर कसलातरी धक्का पसरत गेला.

“या अल्लाह,” ती म्हणाली. “मी अख्ख्या इमारतीला सांगितलं की तू बेकार आहेस. दाराशी तांदूळ ठेवायला लावले. तुझ्यासारख्या नोकरदार माणसाच्या दाराशी!” तिने त्याचा हात धरला. “माझं म्हातारीचं डोकं. तुझी इज्जत घालवली मी. माफ कर, बाळा. मला माफ कर.”

“खाला, तुम्ही नका...”

“नाही, माझीच चूक. आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला लाज वाटली असती.”

ती खरोखरच माफी मागत होती. फव्वाजला तिच्या हातातून आपला हात सोडवून घेता येईना आणि धरूनही बसवेना. त्याने तोंड फिरवलं आणि गॅलरीच्या उघड्या दारातून त्याची नजर बाहेर गेली.

ऑलिव्हच्या तेलाचा डबा जागेवर होता. झाड नव्हतं. डब्यातल्या मातीतून मनगटाएवढा खुंट वर आला होता. बाजूला पातेल्यात अर्धवट जळालेल्या हिरव्या फांद्या होत्या, काहींना पानंही तशीच.

“खाला, लिंबू...”

“घरात कोळसा कुठून असणार?” ती म्हणाली. “मी कधी पेटवते का? आणि ओल्या फांदीचा धूर कसा दाट होतो. मला भरपूर हवा होता, खाली जायला.” त्याचा चेहरा बघून तिने घाईने पुढे जोडलं, “अरे, म्हातारं झालं होतं झाड. लिंबंही देत नव्हतं.”

तो जायला उठला तेव्हा तिने त्याला थांबवलं. गुडघ्यांवर हात ठेवत आत गेली आणि परत येऊन त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. “रिकाम्या हाताने खाली जायचं नाही,” ती म्हणाली.

लिंबू होतं. हिरवं. देठाला पान होतं.

*

पुढच्या शुक्रवारी फव्वाजने वडिलांची शेगडी अंगणात काढली, कोळसा पेटवला आणि निखारे होईपर्यंत वारा घातला. अबू झुहैर वरून ओरडला, “अबू जूद, मुबारक! कुठं लागली नोकरी?”

“जुन्याच ठिकाणी,” फव्वाज म्हणाला.

“घेतलं का परत? वा! मग आज ताटली भरून पाहिजे! आणि वहिनींना सांग, विजारीचं काम सोडू नका. हात चांगला आहे!”

निखारे लाल झाले. त्यांच्यावर राखेचा पातळ पापुद्रा आला. मांस चढवायची हीच वेळ होती. फव्वाज पाटावर बसून राहिला. पश्चिमेचा वारा सुटला होता. धूर लांब होऊन रस्ता ओलांडत होता आणि कबरस्तानाच्या भिंतीवरून आत उतरत होता. तिकडे त्याने एकदा बघितलं, आणि या वेळी आईचा विचार बाजूला सारला नाही.

वर गॅलरीचं दार बंद होतं. टोपली कठड्यावर उपडी ठेवलेली होती. मागच्या बोळात गॅसच्या शेगडीवर चादर टाकलेली होती, आणि बाहेर राहिलेल्या फळीवर ते हिरवं लिंबू होतं. ते कापायचं कुणी नाव काढत नव्हतं.

इन्तिसार रोट्यांचं फडकं घेऊन बाहेर आली. सळया तशाच परातीत होत्या.

“कोळसा जाईल फुकट. कशाची वाट बघतोयस?”

“वारा पडायची.”

तिने वर बंद दाराकडे बघितलं, मग धुराकडे. रोट्या फडक्यात नीट गुंडाळल्या, मुलींना हाक मारून सांगितलं की जेवायला वेळ आहे, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

वर दाराची कडी वाजली आणि पाण्याचा एक थेंब पडला. मग आणखी एक. गॅलरीच्या कडेवरून, जिथं तो तेलाचा डबा होता तिथून, बारीक धार लागली. त्या खुंटाला कुणीतरी पाणी घातलं होतं. थेंब शेगडीत पडत होते आणि निखारे चर्र चर्र करत होते.

फव्वाजने शेगडी सरकवली नाही. त्याने आणखी कोळसा घातला.